पहिली चिखलगाडी: जुन्या जिप्सीवर, कमी खर्चात

चिखलात चालवायच्या गाडीला हवं ते असं: वजन हजार किलोच्या आसपास, शिडीसारखी भक्कम चासी, पुढे-मागे सलग एक्सल, चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग) आणि लो-रेंज (जास्त ओढीचे सावकाश गिअर) असलेला ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणारी पेटी. मारुती जिप्सीत हे सगळं कंपनीतूनच मिळतं, म्हणून भारतात पहिली चिखलगाडी बांधणाऱ्याला आम्ही आधी तीच सुचवतो. १९८५ ते २०१९ एवढा काळ ही गाडी निघाली. सुरुवातीला ९७० सीसी इंजिन होतं, १९९६ पासून १२९८ सीसी कार्बोरेटरचं आलं आणि २००० पासून त्याचंच एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं) रूप, सुमारे ८० अश्वशक्तीचं. चिखलासाठी तिन्ही चालतात. कार्बोरेटर कुठल्याही गावात उघडून साफ करता येतो, पण तीव्र चढावर गाडी तिरकी झाली की पेट्रोलची पातळी हलते आणि इंजिन गुदमरतं. एमपीएफआयला तो त्रास नाही. तिथे वायरिंग आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) कोरडा ठेवण्याचं काम वाढतं.

दुसरा पर्याय महिंद्राची जुनी डिझेल जीप, उदाहरणार्थ प्यूजो इंजिनाची एमएम ५४०. खालच्या फेऱ्यांवर तिची ओढ छान आणि सुटे भाग स्वस्त, पण ती जिप्सीपेक्षा बरीच जड आहे. चिखलात प्रत्येक जादा किलो गाडीला खाली दाबतो. हे एक वाक्य पुढच्या सगळ्या खरेदीला लावून पाहा. लोखंडी बंपर, छतावरचा कॅरियर, दुसरी स्टेपनी, मोठा ऑडिओ यांतलं काहीही गाडी बाहेर काढत नाही.

आमचा क्रम ठरलेला आहे: आधी दुरुस्ती, मग गाडी बाहेर काढायचं सामान, मग टायर, मग पाण्यापासून बचाव आणि उंची शेवटी. नवखे जवळजवळ नेहमी उलट्या टोकापासून सुरू करतात. उंच झालेली, फॅट टायरची गाडी फोटोत उत्तम दिसते आणि पहिल्याच खाचरात प्रोपेलर शाफ्टच्या (एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) सांध्यातला क्रॉस तुटून बसते. गाडीच्या किमतीवर जे पैसे उरतील, त्यांतले शंभरातले चाळीस दुरुस्तीला, तीस टायरांना आणि वीस सामानाला ठेवा. उरलेल्या दहात बाकी सगळं बसवा.

कागद आणि कायदा

इंजिन नंबर आणि चासी नंबर स्वतः पुसून वाचा, आरसीशी ताडून बघा. दिल्लीत जुन्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध असल्याने तिकडच्या जिप्सी स्वस्तात दिसतात; एनओसी (ना-हरकत दाखला) हातात आल्याशिवाय आणि आपल्या आरटीओत नोंदणी होईल याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका. लष्कराच्या लिलावातल्या गाड्यांचंही तसंच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. कलम १८२अ मध्ये त्यासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. त्यामुळे आधीच ठरवा: गाडी रस्त्यावर चालवत न्यायची असेल, तर बदल मोजके आणि परत काढता येण्याजोगे ठेवा. मोठे टायर, जास्त उंची, रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) असं सगळं करायचं असेल, तर ती गाडी ट्रकवर किंवा ट्रेलरवर टाकून न्यायची आणि खासगी जमिनीवरच चालवायची. मधला मार्ग शोधणाऱ्यांचा विम्याचा दावाही अडकतो.

गाडी बघताना

सोबत हातोडी, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि अंथरायला गोणपाट न्या. हातोडीने चासी ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीजवळ) आणि पुढच्या चाकांच्या मागे जास्त वेळ द्या, तिथे माती साचून राहते. नव्या काळ्या डांबरी रंगाखाली स्क्रू ड्रायव्हर घुसला, तर ती गाडी सोडा. फ्लोअरचा पत्रा मात्र कापून नवा लावता येतो. त्यावर किंमत पाडून घ्या.

पुढच्या चाकांमागे बॉलसारखा गोल नकल दिसतो. तो किंचित ओलसर असणं ठीक. ग्रीस आणि तेलाचा काळा चिखल लोंबत असेल, तर सील गेलेलं आहे आणि आत पाणी शिरलेलं असणार. चाक जॅकवर उचलून वरून-खालून हलवा. हललं, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ बंद झाला तर व्हील बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिनची (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडे वळतं तिची) बेअरिंग. किंगपिन सैल असलेल्या गाडीचं स्टीयरिंग वेगात अक्षरशः थरथरतं.

फोर-व्हील चालतं का, हे तपासायची सोपी पद्धत अशी. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एकच चाक उचला, इंजिन बंद, गिअरमध्ये. पुढच्या चाकांचे हब (चाक एक्सलला जोडणारे किंवा मोकळं सोडणारे) लॉक करून लीव्हर फोर-हायला (चारही चाकं, साधे गिअर) टाका: उचललेलं चाक हाताने फिरता कामा नये. हब मोकळा केला की ते सहज फिरलं पाहिजे. मग दुसऱ्या बाजूला तेच करा. त्यानंतर मऊ मातीत लो-रेंजमध्ये पहिल्या-दुसऱ्यात चालवून अचानक ॲक्सिलरेटर सोडा. लीव्हर उडून न्यूट्रलला आला, तर आधी ट्रान्सफर केसची रबर माउंटिंग बघा. जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, स्वतःच्या रबरांवर टांगलेला असतो. रबर फाटलं की तो वळतो आणि लीव्हर ओढला जातो. रबरं स्वस्त आहेत, आतले गिअर नाहीत.

पहिला महिना: फक्त दुरुस्ती

टायमिंग बेल्ट मागच्या मालकाने कधी बदलला यावर विश्वास न ठेवता नवा टाका. रेडिएटर उतरवून आतून-बाहेरून साफ करा, थर्मोस्टॅट बदला, सगळे होज दाबून बघा. चिखलात गाडी खालच्या गिअरमध्ये चढ्या फेऱ्यांवर, पण दहा किलोमीटरच्या वेगाने जाते. हवा लागत नाही आणि अर्धवट तुंबलेला रेडिएटर तिथेच दगा देतो.

मग सगळी तेलं काढा. गिअरबॉक्सला सुमारे १.३ लिटर, ट्रान्सफर केसला ०.८, पुढच्या डिफरन्शियलला (एक्सलच्या मध्यातल्या गिअरांच्या गोळ्याला) २ आणि मागच्याला १.५ लिटर लागतं. खरी पातळी मात्र भरायच्या भोकाच्या काठाशी येते, तेवढी भरा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला जीएल-४, दोन्ही डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं. आधी भरायचा नट सैल होतो का ते बघून मगच खालचा ड्रेन नट उघडा. वरचा जाम असला, तर तेल काढून टाकलेली गाडी जागेवर बसते. जुनं तेल चहाच्या रंगाचं दुधाळ निघालं, तर पाणी गेलेलं आहे. ड्रेन नटच्या लोहचुंबकावर बारीक राखाडी भुकटी चालते, चकतीसारखे तुकडे चालत नाहीत.

प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने पिळून बघा, टकटक झाली की बदला. ब्रेकचे रबरी पाइप, व्हील सिलिंडर आणि ब्रेक ऑइल नवं. पाट्यांचे बुश गेलेले असतील, तर तेही आताच.

बाहेर काढायचं सामान

हे टायरांच्या आधी घ्यायचं, कारण गाडी कितीही चांगली बांधली तरी रुतणारच आहे. पुढे दोन आणि मागे दोन हुक पॉइंट चासीच्या रेलवर बोल्ट करा. १० मिमी जाडीची प्लेट, प्रत्येकी किमान दोन एम-१२ बोल्ट, १०.९ ग्रेडचे, आणि रेलच्या आतल्या बाजूला ६ मिमीची आधारपट्टी. पातळ रेलवर नुसतं वेल्डिंग करू नका. वेल्डच्या कडेने पत्रा फाटतो. बंपर, टो-बॉल आणि गाडी ट्रकवर बांधण्यासाठी असलेले बारीक कडे ओढण्यासाठी नसतात. झटका बसल्यावर सुटलेला लोखंडी तुकडा काच फोडून माणसाला लागतो. असे मृत्यू झालेले आहेत.

बाकीची यादी छोटी आहे:

- ९ मीटरचा पट्टा, ८ टन तुटक्षमतेचा. झटक्याने ओढायचं असेल तर ताणणारा कायनेटिक पट्टाच वापरा. न ताणणारा पट्टा फक्त सावकाश ओढायला.
- ४.७५ टनाचे दोन डी-शॅकल. पिन हाताने पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या, म्हणजे ताणानंतर जाम होत नाही.
- लांब दांड्याचं फावडं आणि एक छोटं. सगळ्यात जास्त काम हेच करतं.
- जॅकखाली ठेवायला १८ मिमी प्लायवूडचा ४० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा. तो नसेल तर गाडीऐवजी जॅकच खाली जातो.
- हाताने ओढायची विंच, जिला बाजारात टिरफर म्हणतात. जड आणि सावकाश आहे, पण बॅटरी लागत नाही, मागेही ओढते आणि जुन्या बाजारात मिळून जाते. इलेक्ट्रिक विंचचं वजन बरोबर गाडीच्या नाकावर येतं, म्हणून पहिल्या वर्षी ती नको.

ओढताना पट्ट्याच्या मध्यावर ओलं गोणपाट किंवा जाड घोंगडी टाका. पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणीही उभं राहू नये, फोटो काढणारा तर मुळीच नाही.

टायर आणि खालची माती

मूळ मापाचा २०५/७० आर१५ टायर ६६८ मिमी उंच आहे. २१५/७५ आर१५ घेतला तर ७०४ मिमी होतो: डिफरन्शियल १८ मिमी वर येतं, उंची वाढवावी लागत नाही. २३५/७५ आर१५ चा व्यास ७३४ मिमी. डिफरन्शियल ३३ मिमी वर, पण गिअरिंग सुमारे दहा टक्के लांबतं, स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी ५५ ने जात असते आणि पूर्ण वळणावर टायर घासू शकतो. ३१ इंची टायरवर हाच आकडा १८ टक्क्यांवर जातो. तेरा-शे सीसीच्या इंजिनाला तो पेलत नाही, ब्रेक लांब लागतात, पुढचे एक्सल जॉइंट तुटू लागतात. जिप्सीला पॉवर स्टीयरिंग नाही, हेही लक्षात घ्या. पहिल्या गाडीला २१५/७५ किंवा फार तर २३५/७५, मड-टेरेन नक्षीचा. २३५ साठी रिम किमान ६ इंच रुंद हवी. रुंदी रिमवरच कोरलेली असते.

अगदी कमी पैशात एक जुना उपाय आहे: जीपचे ६.००-१६ लग टायर. नट-सर्कल (चाकाच्या नटांच्या वर्तुळाचा व्यास) दोन्ही गाड्यांचं १३९.७ मिमी, पाच नटांचं; जीपची १६ इंची रिम घेताना मधलं भोक आणि ऑफसेट तेवढा बसवून बघा. टायर अरुंद आणि उंच असतो. डांबरी रस्त्यावर आवाज करतो, ओल्या रस्त्यावर घसरतो. पण भातखाचरात त्याच्या तोडीचं कमी काही आहे, आणि त्याचं कारण मातीत आहे.

भाताच्या खाचरात वर्षानुवर्षं चिखलणी होते. वरचा साधारण वीतभर थर लोण्यासारखा मऊ, त्याखाली नांगराने आणि पायांनी दाबून घट्ट झालेला तळ. अरुंद टायर मऊ थर कापत त्या तळावर पोहोचतो आणि तिथे पकड घेतो. रुंद टायर वरच तरंगून घसरतो. इथे हवा फार कमी करू नका, १८ ते २० पीएसआय ठेवा.

काळ्या मातीचं याच्या उलट. तिच्यातली चिकण माती पाणी पिऊन फुगते आणि पावसाळ्यात कमरेइतक्या खोलीपर्यंत घट्ट तळ लागत नाही. इथे तरंगायचं असतं, म्हणून रुंद टायर आणि १२ ते १४ पीएसआय. १० च्या खाली गेलात तर वळणावर टायर रिमवरून निसटतो. काळी माती टायरच्या खाचांत थापली जाते आणि दोन फेऱ्यांत मड टायर गुळगुळीत गोळा बनतो. थोडा वेग देऊन चाक फिरवलं की ती फेकली जाते, त्यासाठी खाचा मोठ्या आणि मोकळ्या हव्यात. कोकणातली जांभ्याची लाल माती या दोघांपेक्षा सोपी: वर निसरडी, पण खाली खडे लागतात. १५-१६ पीएसआयवर बहुतेक जागा पार होतात.

हवा भरायला बॅटरीला थेट चिमटे लावणारा कॉम्प्रेसर आणि ३० पीएसआयपर्यंतचं गेज घ्या. कमी हवेवर २० च्या वर वेग नको, आणि डांबरी लागण्याआधी हवा परत भरा.

उंची: दोन इंचांत थांबा

पाट्यांच्या मिस्त्रीकडून जुने पाटे परत कमान करून घेणं आणि एक पाटा वाढवणं, हा स्वस्त आणि दुरुस्त करता येणारा मार्ग. त्यातून ४० ते ५० मिमी मिळतात. लांब शॅकल लावले तर वाढवलेल्या लांबीच्या निम्मीच उंची मिळते: ५० मिमी लांब शॅकल म्हणजे २५ मिमी. शिवाय पुढे लांब शॅकल लावल्यावर एक्सल फिरतो, कॅस्टर (चाकाच्या वळणाच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो आणि वळणानंतर स्टीयरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. पाटा आणि एक्सल यांच्यात दोन ते चार अंशांची पाचर घालून ते सुधारतं. पाटे एक्सलच्या वर नेण्याची पद्धत खूप उंची देते, पण तिच्यासोबत स्टीयरिंग, शाफ्टचे कोन, ब्रेक पाइप सगळंच बदलावं लागतं. पहिल्या गाडीवर नको.

काम झाल्यावर चासीखाली स्टँड लावून चाकं लोंबकळू द्या आणि तीन गोष्टी बघा: ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, शॉक अब्सॉर्बर टोकाला अडकत नाही ना, आणि शाफ्टचा सरकणारा भाग स्प्लाइनमधून (दातेरी जोडातून) बाहेर येत नाही ना. यू-बोल्ट नवेच वापरा आणि १०० किलोमीटरनंतर परत आवळा. ही आवळणी विसरल्याने एक्सल मागे सरकलेल्या गाड्या दर पावसाळ्यात दिसतात.

पाणी आत जातं कसं

चालून तापलेलं डिफरन्शियल थंड ओढ्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या-यायच्या भोकातून), नाहीतर सीलमधून पाणी शोषलं जातं. उपाय जवळजवळ फुकट आहे. पुढच्या-मागच्या एक्सलचे, गिअरबॉक्सचे आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर ८ मिमीच्या पेट्रोल पाइपने लांबवून इंजिन बेमध्ये बॅटरीच्या वरच्या उंचीवर आणा आणि टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर लावा. मध्ये कुठे पाइपचा झोळ राहू देऊ नका, त्यात पाणी साचून तो बंद होतो. एक्सल खाली लोंबेल तेवढी ढील ठेवा.

डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि प्लगच्या वायरींची टोकं सिलिकॉन ग्रीसने भरा. इंजिनात हवा कुठून जाते ती जागा शोधा. पाण्याची मर्यादा तीच. स्नॉर्केल (इंजिनाची हवा उंचावरून घेणारी नळी) लावलात तर त्याचा प्रत्येक जोड हवाबंद हवा, नाहीतर तो दिखावाच. पाण्यात इंजिन बंद पडलं तर स्टार्टर मारू नका. गाडी ओढून बाहेर काढा, चारही प्लग उघडा, मग फिरवून पाणी बाहेर फेकू द्या. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो.

डिफरन्शियल लॉक करणं, म्हणजे एक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरायला लावणं, हा पुढच्या वर्षीचा विषय. मागचं डिफरन्शियल वेल्ड करून टाकायचा सल्ला गॅरेजात मिळेल; ती गाडी ओल्या डांबरी वळणावर सरळ जाते. एक चाक फिरत राहिलं, तर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक हलका दाबा. फिरणारं चाक रोखलं जातं आणि थोडी ताकद दुसऱ्या चाकाकडे जाते. बऱ्याचदा तेवढं पुरतं.

उघड्या जिप्सीत रोल बार बसवायचा, तर मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा, २.५ मिमी जाडीचा सीडीएस (थंड ओढलेला, बिनजोड) पाइप हवा. नळाचा जीआय पाइप उलटल्यावर घडी होतो. सीट बेल्ट नसलेल्या गाडीत रोल बार डोक्यालाच लागतो.

पहिला चिखल

दुसरी गाडी सोबत असल्याशिवाय जाऊ नका. जमीन खासगी आणि परवानगी घेतलेली हवी. उभ्या पिकात, बांधावर, वनखात्याच्या हद्दीत नाही. कोकण आणि सह्याद्रीतल्या सड्यांवर (कातळाच्या सपाट पठारांवर) तर अजिबात नाही. तिथल्या वीतभर मातीवर पावसाळ्यातच उगवणाऱ्या वनस्पती आहेत आणि एका टायरची रेघ अनेक वर्षं भरून येत नाही. समुद्रकिनाराही टाळा. खारं पाणी वर्षभरात चासी खातं. मोठ्या गाड्या कशा बांधलेल्या असतात ते बघायचं असेल, तर २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडियाच्या स्पर्धा भर पावसात पाहून या. तिथे जिप्सींची कमतरता नसते.

चिखल आधी काठी घेऊन पायी चाला. गुडघ्यापर्यंत पाय गेला आणि खाली कडक काही लागलं नाही, तर सोडून द्या. हब लॉक, लो-रेंज, दुसरा गिअर आधीच टाका. मध्ये गिअर बदलायला गेलात की गती जाते. एकसारख्या गतीने जा. गाडी मंदावली तर स्टीयरिंग भराभर डावी-उजवी हलवा, टायरच्या कडा नवी माती पकडतात. पुढे सरकणं थांबलं की ॲक्सिलरेटर लगेच सोडा. तिथून पुढची प्रत्येक फेरी खड्डा खोल करते आणि दहा सेकंदांत एक्सल जमिनीला टेकतो. आपल्याच चाकोरीतून मागे या, परत प्रयत्न करा. रुतलीच तर चारही टायरांपुढची आणि डिफरन्शियलखालची माती काढल्याशिवाय पट्टा लावू नका.

परत आल्यावर

चिखल वाळायच्या आत धुवा. रेडिएटरच्या जाळीवर पाणी मागून पुढे, कमी दाबाने मारा. जोराचा फवारा पत्र्या वाकवतो. मागचे ब्रेक ड्रम उघडून आतला गाळ काढा. तो राहिला तर दोन-तीन फेऱ्यांत शू आणि ड्रम दोन्ही खरवडले जातात. क्रॉसमध्ये ग्रीस इतकं भरा की जुनं मळकं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसू लागेल. चासीच्या रेलमध्ये भोकांतून पाइप घालून आतली माती वाहू द्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही डिफरन्शियलचे ड्रेन नट अर्धवट सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसलेलं असतं आणि असेल तर आधी तेच टपकतं. निव्वळ तेलाचा थेंब आला, तर नट आवळा. पाणी आलं तर तेल त्याच दिवशी बदला आणि ब्रीदरचा पाइप कुठे सुटलाय ते शोधा. हबपर्यंत पाण्यात गेली असेल, तर आठवड्याच्या आत पुढची व्हील बेअरिंग काढून रॉकेलने धुवा आणि नव्या ग्रीसने भरा.